आपला रस्ता सुरक्षित करायचा कसा? मोजणीपासून मंजुरीपर्यंतची वाट

रस्त्यावर अपघात झाला की दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी ठरलेल्या असतात, एक बैठक आणि गतिरोधकाची मागणी. बैठकीत सगळे तावातावाने बोलतात, कोणीतरी निवेदन लिहून काढतं, सह्या गोळा होतात आणि महिन्याभरात विषय थंड पडतो. लोकांची तळमळ खोटी नसते. पण निवेदनात ‘आमच्या इथे गाड्या फार जोरात जातात’ एवढंच लिहिलेलं असतं आणि नेमकं हेच वाक्य शहरातल्या प्रत्येक वस्तीकडून प्रशासनाच्या टेबलावर आलेलं असतं. तुमचा कागद वर का काढावा, याचं कारण त्या कागदात नसतं.

ते कारण कसं तयार करायचं आणि कारण हाती आल्यावर नक्की मागायचं काय, हे इथे क्रमाने सांगतो. त्याआधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे पुढचा रोख लक्षात येईल. रस्ता जसा असतो तसं माणूस त्यावर वागतो. रुंद, सरळ आणि मोकळा रस्ता दिसला की सभ्यातल्या सभ्य माणसाचाही पाय अॅक्सिलरेटरवर दाबला जातो. ‘सावकाश चालवा’ असा फलक लावून त्यात फारसा फरक पडत नाही. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये ‘व्हिजन झीरो’ हे धोरण मंजूर केलं, त्याचा गाभाही हाच आहे. माणूस चुकणारच, म्हणून एका चुकीची किंमत जिवाने मोजावी लागणार नाही असा रस्ता बांधायचा आणि ती जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यावरही टाकायची. तेव्हा वस्तीतल्या लोकांनी आपली ताकद उपदेशात घालवू नये, रस्त्यात बदल घडवून आणण्यासाठी वापरावी.

पायरी 1 : तीन-चार माणसं आणि रस्त्याचा एकच तुकडा

सुरुवातीला मोठी समिती नको. नियमित वेळ देणारी तीन-चार माणसं पुरतात, फक्त ती एकाच प्रकारची नसावीत. चारही जण गाडी चालवणारे असतील तर त्यांना रस्ता काचेतूनच दिसतो. रोज पायी जाणारं कोणीतरी, लहान मुलांना शाळेत सोडणारं कोणीतरी आणि शक्य असेल तर काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणारं कोणीतरी सोबत हवं.

‘आमचा संपूर्ण भाग सुरक्षित करा’ ही मागणी कोणीच पुरी करू शकत नाही. दोनशे-तीनशे मीटरचा एकच तुकडा किंवा एकच चौक निवडा. कोणता, याबद्दल वाद झाला तर जिथे मुलं आणि म्हातारी माणसं जास्त ओलांडतात तो. तिथे काम झालं की पुढच्या तुकड्याला दाखवायला उदाहरण मिळतं.

पायरी 2 : उभं राहून बघा

या पायरीचा लोकांना सगळ्यात कंटाळा येतो, कारण तिच्यात काही ‘केल्यासारखं’ वाटत नाही. पण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. एका जागी दोन तास उभं राहायचं किंवा बसायचं, हातात वही, आणि फक्त बघायचं. शाळा सुटायची वेळ, दुपारची सुस्त वेळ, संध्याकाळची गर्दी आणि रात्र, अशा निरनिराळ्या वेळी हे करा.

बघायचं काय? पहिलं म्हणजे लोक प्रत्यक्षात रस्ता कुठून ओलांडतात. पांढरे पट्टे कुठे आहेत याच्याशी त्याचा बरेचदा संबंध नसतो. पट्टे साठ मीटर पलीकडे असतील आणि समोर बसथांबा दिसत असेल, तर माणसं सरळ समोरूनच जाणार. अशा ठिकाणी कुंपण घालून लोकांना पट्ट्यांपर्यंत चालायला लावण्यापेक्षा पट्टेच लोकांच्या वाटेवर आणणं शहाणपणाचं.

दुसरं, थोडक्यात टळलेले प्रसंग. एका छोट्या तुकड्यावर वर्षाला एखाददुसराच अपघात नोंदला जातो. इतक्या कमी आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही आणि पुढच्या अपघाताची वाट बघणं तर कोणाच्याच मनात नसतं. म्हणून वाहतूक अभियंते ‘जवळजवळ अपघात’ मोजतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाने या पद्धतीवर बरंच काम केलं आहे. आपल्यासाठी साधी व्याख्या पुरे: गाडीने अचानक करकचून ब्रेक मारला, गाडी झटक्यात बाजूला वळली, किंवा चालणारा माणूस पळाला, मागे उडी मारून सरकला. यातलं काही झालं की वहीत वेळ, जागा, कोण कुठून येत होतं आणि कोण अडचणीत आलं, एवढं लिहायचं. घरी येऊन हाताने काढलेल्या नकाशावर त्या जागी ठिपका द्यायचा. चार-पाच वेळा असं निरीक्षण केल्यावर ठिपके दोन-तीन जागी गोळा झालेले दिसतात आणि त्या जागा बहुधा बैठकीत कोणी सांगितलेल्या नसतात.

एक गोष्ट मात्र जरूर करा. रस्त्याच्या कडेला, जिथून मुलं ओलांडतात, तिथे गुडघे टेकून डोळे जमिनीपासून मीटरभर उंचीवर आणा आणि येणाऱ्या गाड्यांकडे बघा. कडेला लावलेल्या गाडीचं बोनेट समोर भिंतीसारखं उभं राहतं. त्या उंचीवरून रस्ता दिसतच नाही आणि म्हणून मूल आधी दोन पावलं रस्त्यात येतं, मग बघतं. तिथून मोबाइलवर काढलेला एक फोटो निवेदनात जोडा. पानभर मजकुरापेक्षा तो जास्त काम करतो.

पायरी 3 : वेग मोजा

यासाठी रडार गन लागत नाही. मोजपट्टी, खडू आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं.

रस्त्याच्या कडेने बरोबर 50 मीटर अंतर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूची रेघ ओढा. पहिल्या रेघेशी एक जण उभा राहतो आणि गाडीचं पुढचं चाक रेघेवर आलं की हात खाली करतो. दुसऱ्या रेघेशी उभा असलेला त्याच क्षणी घड्याळ सुरू करतो आणि चाक आपल्या रेघेवर आलं की बंद करतो. तिसरा आकडे लिहितो. 180 ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. 6 सेकंद लागले तर 30, 4.5 सेकंद लागले तर 40, 3.6 सेकंद लागले तर 50 आणि 3 सेकंदांत गाडी पार झाली तर 60.

बोटाच्या चपळाईवर एखाद्या नोंदीत दोन-तीन किलोमीटरची चूक होते, पण शंभरेक गाड्या मोजल्या की चुका एकमेकींना बऱ्याच सांभाळून घेतात. काही पथ्यं पाळा. दुसऱ्या गाडीच्या मागे अडकलेली गाडी मोजू नका, कारण तिचा वेग तिच्या मनाचा नसतो. चमकदार जॅकेट घालून उभे राहू नका, नाहीतर सगळेच सज्जन होतात. झाडाच्या किंवा खांबाच्या आडोशाला, पण रस्त्याबाहेर राहा. आणि फक्त गर्दीच्या वेळी मोजू नका. कोंडीत सगळेच हळू जातात, खरा धोका रस्ता मोकळा असताना असतो.

शंभर आकडे लहानाकडून मोठ्याकडे ओळीने मांडा आणि 85 वा आकडा बघा. अभियंते याच आकड्याची भाषा बोलतात: शंभरातल्या 85 गाड्या या वेगाने किंवा त्याहून हळू जातात. तुमच्या रस्त्याची मर्यादा 30 असेल आणि हा आकडा 47 निघाला, तर हा रस्ता पाच-दहा बेफिकीर चालकांमुळे धोकादायक नाही, त्याच्या रचनेतच गडबड आहे असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता.

वेगावर इतका भर कशासाठी, तर हिशोब बघा. ताशी 30 ने येणाऱ्या चालकाला मूल दिसलं आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला, तर गाडी तोवर 8 मीटर पुढे येते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी 5 मीटरमध्ये थांबते. एकूण साधारण 13 मीटर. ताशी 50 ने येणारी गाडी त्या एका सेकंदातच 14 मीटर पुढे आलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून दुसरी पूर्ण वेगाने पुढे निघून गेलेली असते, तिचा ब्रेक अजून लागायचाच असतो. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 30 च्या तुलनेत 50 ला ती पावणेतीन पटीहून जास्त होते. माणसं आणि गाड्या जिथे मिसळतात तिथे मर्यादा 30 असावी असं रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक मंत्री-परिषदेच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने म्हटलं, त्यामागे हेच गणित आहे. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहराने तर 1992 मध्येच निवासी रस्त्यांवर सरसकट 30 ची मर्यादा लावली होती.

पायरी 4 : रात्रीची फेरी

अपघाताची भीती आणि माणसांची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी दिवसा दिसत नाही. कॅनडात टोरांटोमधल्या ‘मेट्रॅक’ या संस्थेने 1989 मध्ये बायकांना सोबत घेऊन परिसराची पाहणी करण्याची पद्धत बसवली. पुढे ती जगभर वापरली गेली. तिचं तत्त्व साधं आहे: जिला तिथून जायची भीती वाटते, तीच त्या जागेची तज्ज्ञ.

अंधार पडल्यावर सहा-सात जणांनी, त्यात निम्म्याहून जास्त बायका आणि मुली असतील असं बघून, तो तुकडा चालायचा. मध्येमध्ये थांबून ठरावीक प्रश्न विचारायचे. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा चार मीटरवरून ओळखू येतो का? इथे हाक मारली तर ऐकू कोणाला जाईल? अडचण आली तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? कोपऱ्याच्या पलीकडे कोण उभं आहे ते कळतं का? पुरुषांनी या फेरीत ऐकायचं काम करावं. ‘इथे तर काहीच भीती नाही’ हे वाक्य अशा वेळी हमखास कोणीतरी बोलतं आणि मग बाकीच्या गप्प होतात.

दिव्यांची नोंद करताना खांबाचा क्रमांक लिहा. बंद, लुकलुकणारा, की झाडाच्या फांदीने झाकलेला, हेही लिहा. बऱ्याच ठिकाणी नवा दिवा लागतच नाही, फांदी छाटली की उजेड खाली येतो. आणि जास्त प्रखर म्हणजे चांगला असं समजू नका. एक झगझगीत दिवा आणि पुढे वीस मीटर काळोख यात डोळे दिपतात आणि काळोख अधिकच दाट वाटतो. उजेड मध्यम पण सलग हवा, आणि रस्त्याइतकाच पदपथावर पडायला हवा. न्यूयॉर्कमधल्या सार्वजनिक गृहवसाहतींत केलेल्या प्रयोगात ज्यादा दिवे लावल्यावर रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटल्याचं आढळलं होतं. उजेडाचा खर्च वाया जातो असं म्हणणाऱ्यांना हे सांगता येईल.

झाडाझुडपांसाठी एक सोपा नियम लक्षात ठेवा. पदपथाकडेची झुडपं कमरेच्या खाली आणि झाडांच्या फांद्या डोक्याच्या बऱ्याच वर. मधला पट्टा नजरेसाठी मोकळा. यासाठी झाड तोडायची कधीच गरज नसते.

पायरी 5 : दुखण्याप्रमाणे औषध

आता ठिपक्यांचा नकाशा, वेगाचे आकडे आणि रात्रीच्या नोंदी समोर मांडा. गतिरोधक हे एकच औषध सगळीकडे लागू पडत नाही.

वेग हेच दुखणं असेल, तर गतिरोधक मागा, पण आकारासह मागा. 1970 च्या दशकात ब्रिटनमधल्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेला आकार आजही प्रमाण मानला जातो. प्रवासाच्या दिशेने सुमारे 3.7 मीटर लांब आणि मधोमध साडेसात ते दहा सेंटिमीटर उंच, असा गोलसर उंचवटा. योग्य वेगाने गेलं तर तो बोचत नाही, जोरात गेलं तरच हिसका देतो. याउलट लोक स्वतःच सिमेंट टाकून जे आखूड, उभे कठडे बनवतात, ते दुचाकीस्वाराला पाडतात, रुग्णवाहिकेतल्या माणसाच्या मणक्याला दणके देतात आणि रंग नसल्याने रात्री दिसतही नाहीत. असा कठडा तुमच्या तुकड्यावर असेल तर तो काढून घ्यायची मागणी आधी करा. एकटा गतिरोधकही फार उपयोगाचा नाही. तो ओलांडला की गाडी पुन्हा उसळी घेते, म्हणून ते साधारण 60 ते 100 मीटरच्या अंतराने मालिकेत असावे लागतात.

ओलांडण्याची जागा हे दुखणं असेल, तर मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे उंचावलेलं क्रॉसिंग. पदपथाच्या उंचीवर रस्त्यात सपाट चौथरा करायचा आणि पट्टे त्यावर मारायचे. चालणाऱ्याला खाली उतरावं लागत नाही, चाकाची खुर्ची सरळ जाते, गाडीला मात्र चढून उतरावं लागतं. रस्ता जास्त रुंद असेल तर मध्ये थांबायला उंच बेट मागा, म्हणजे एका वेळी एकाच दिशेची वाहतूक बघावी लागते. सिग्नल असेल तर घड्याळ लावून बघा. 12 मीटर रुंद रस्ता तरुण माणूस सेकंदाला 1.2 मीटरच्या चालीने 10 सेकंदांत ओलांडतो. म्हाताऱ्या माणसाची चाल 0.8 मीटर धरली तर 15 सेकंद लागतात. चालणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा 11 सेकंदांत विझत असेल तर सिग्नलची वेळ बदलून मागा. त्याला खोदकाम लागत नाही, खर्च जवळपास शून्य. त्याच वेळी आणखी एक मागणी करा: चालणाऱ्यांचा हिरवा दिवा वळणाऱ्या गाड्यांच्या आधी तीन-चार सेकंद लागू द्या. तेवढ्यात माणसं रस्त्यात काही पावलं पुढे आलेली असतात आणि वळणाऱ्याला ती समोर दिसतात.

कोपऱ्याकडे लोकांचं लक्ष जात नाही आणि ठिपके बहुतेक वेळा तिथेच जास्त असतात. दोन कारणं. एक, कोपऱ्याची गोलाई मोठी असेल तर गाडी वेग न कमी करता वळते. गोलाई घट्ट केली, पदपथ थोडा पुढे आणला, की वळताना वेग आपोआप उतरतो आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं. दोन, अगदी कोपऱ्यापर्यंत लावलेल्या गाड्या. त्यांच्यामुळे चालणारा चालकाला दिसत नाही आणि चालक चालणाऱ्याला. क्रॉसिंगच्या आधीचे निदान सहा मीटर गाड्यांपासून मोकळे ठेवायचे, एवढाच उपाय. नुसती मनाई करून भागत नाही, तिथे सायकली लावायचा स्टँड, कुंड्या किंवा रबरी खांब उभे करावे लागतात. अमेरिकेतल्या होबोकेन या दाट वस्तीच्या छोट्या शहराने कोपरे असे मोकळे करण्याचा सपाटा लावला. तिथे 2017 च्या जानेवारीनंतर सलग सात वर्षं रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. कोपरे हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, वेगमर्यादा उतरवण्यासारखे इतर बदलही झाले होते. पण कमी पैशांत सगळ्यात जास्त पदरात पडणारा उपाय कोणता असं विचारलंत, तर मी कोपऱ्याकडेच बोट दाखवीन.

आणि कधीकधी दुखणं वेगाचं नसतंच, नको असलेल्या गाड्यांचं असतं. मुख्य रस्त्यावरची कोंडी टाळायला बाहेरची वाहतूक तुमच्या आतल्या रस्त्यावर घुसते. हे तपासायला दोन्ही तोंडांशी एकेक जण बसवा आणि गाड्यांच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे वेळेसह लिहा. एका तोंडाने आत आलेली गाडी दोन मिनिटांत दुसऱ्या तोंडाने बाहेर पडली तर तिचं वस्तीत काही काम नव्हतं. काम झालं की ही यादी नष्ट करा, ती जपून ठेवण्यात अर्थ नाही. अशा गाड्यांचं प्रमाण मोठं असेल तर मध्येच काढता येणारे खांब लावून रस्ता मोटारींसाठी बंद आणि पायी-सायकलसाठी खुला ठेवायचा विचार करा. अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवेशी याबद्दल आधीच बोलून घ्या.

शाळा असेल तर तिच्यासमोरचा रस्ता भरण्या-सुटण्याच्या वेळी अर्धा-पाऊण तास वाहनांना बंद ठेवता येतो. इटलीतल्या बोल्झानोने ही पद्धत फार पूर्वी सुरू केली आणि आज ती अनेक देशांत रुळली आहे.

पायरी 6 : आधी तात्पुरतं करून बघा

प्रशासनाला कायमच्या बांधकामाला होकार द्यायला भीती वाटते, कारण चुकलं तर उखडावं लागतं. म्हणून दोन-तीन महिन्यांचा प्रयोग मागा. रंगाने आखलेला कोपरा, जड कुंड्या, रबरी खांब, बोल्टने बसवायचा गतिरोधक. परवानगी लेखी हवी. परवानगीशिवाय स्वतः पट्टे मारून मोकळं होण्याचा मोह होतो, पण एखाद्याने त्या पट्ट्यांवर विश्वास ठेवून पाऊल टाकलं आणि काही झालं तर जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते.

पहिले दोन आठवडे तक्रारींचे असतात. तेवढ्यावरून निकाल लावू नका. लोकांना नवी सवय लागल्यावर, त्याच खडूच्या रेघांवर, त्याच वाराला आणि त्याच वेळी पुन्हा वेग मोजा.

पायरी 7 : विरोध करणाऱ्यांना आधी भेटा

गाडी लावायची जागा जाणार असेल तर कोणीतरी चिडणार, हे धरून चाला. जाहीर बैठकीत त्याला पहिल्यांदा कळलं तर तो मागे हटत नाही, कारण चारचौघांत हटणं अवघड असतं. म्हणून त्याच्या दारात जा, नकाशा दाखवा आणि त्याची अडचण नेमकी काय आहे ते ऐका. दुकानदाराला बहुतेक वेळा ग्राहकांच्या गाडीपेक्षा माल उतरवायच्या जागेची चिंता असते. ती ठरावीक वेळेपुरती राखून ठेवता येते. कडेच्या गाड्या किती वेळ आणि कोणाच्या उभ्या असतात, तेही दिवसभर नोंदून ठेवा. दुकानासमोरची जागा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच गाडीने अडवलेली असते, असं त्यातून कळलं की वादाचा सूर पालटतो.

नेदरलँड्समधल्या ज्या शांत निवासी रस्त्यांचे फोटो आज कौतुकाने फिरतात, तेही भांडून मिळालेले आहेत. 1971 मध्ये त्या छोट्या देशात सुमारे 3,300 माणसं रस्त्यावर मेली, त्यात 400 हून अधिक मुलं होती. 1972 मध्ये पालकांची चळवळ उभी राहिली, तिचं नाव होतं ‘मुलांची हत्या थांबवा’. लोक रस्त्यात बसले, रस्ते अडवले, मुलांना खेळायला मोकळे करून दिले.

पायरी 8 : निवेदन

दोन पानं, त्याहून जास्त नाही. पहिल्या परिच्छेदात मागणी, कारण वाचणारा बरेचदा तेवढंच वाचतो. साधारण असं:

‘अमुक शाळेच्या फाटकासमोरील क्रॉसिंग उंचावून मिळावे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा मीटरपर्यंत वाहने उभी करण्यास मनाई व्हावी. या ठिकाणी मोजलेल्या 100 वाहनांपैकी 85 वे वाहन ताशी 47 किलोमीटर वेगाचे होते. मर्यादा 30 आहे. आठ तासांच्या निरीक्षणात थोडक्यात टळलेले 14 प्रसंग नोंदवले. नकाशा, नोंदी आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. प्रथम तीन महिन्यांसाठी तात्पुरती व्यवस्था करावी, ही विनंती.’

यात कोणाला दोष नाही, विशेषणं नाहीत आणि एकच जागा आहे. नाव-सह्यांची यादी शेवटी जोडा. रस्त्याचं बांधकाम, दिवे, वाहतूक नियमन आणि झाडं हे विषय बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या विभागांकडे असतात, त्यामुळे कोणती मागणी कोणाकडे जाते ते आधी विचारून घ्या आणि प्रत्येकाला त्याच्या भागाचा वेगळा कागद द्या. सगळं एकत्र लिहिलं तर कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आणि अधिकाऱ्याला प्रत्यक्ष जागेवर बोलवा, तेही शाळा सुटायच्या वेळी. सकाळी अकराला आलेल्या अधिकाऱ्याला रिकामा रस्ता दिसतो.

कॅमेरे, गस्त आणि ग्रुप

या तिन्ही गोष्टी बैठकीत हटकून निघतात, म्हणून थोडं त्यांच्याबद्दल.

कॅमेऱ्यांवरच्या संशोधनात एक गोष्ट वारंवार दिसली आहे. वाहनतळावरच्या चोऱ्या त्यांनी बऱ्यापैकी कमी होतात, माणसांवरच्या हल्ल्यांत मात्र फारसा फरक पडत नाही. वर्गणी काढायची असेल तर आधी दिवे, मग क्रॉसिंग आणि उरले तर कॅमेरे. कॅमेरे लावलेच तर चित्रण कोण बघणार आणि किती दिवसांनी पुसणार, हे आधी लिहून ठरवा.

गस्तीपेक्षा रस्त्यावर माणसांची साधी ये-जा राहणं जास्त उपयोगी. बसायला बाक, उघड्या खिडक्या, रस्त्याकडे तोंड असलेली दुकानं, खेळणारी मुलं. बंद, उंच भिंतींनी वेढलेला रस्ता कितीही पहारा ठेवला तरी भीतीदायकच राहतो.

मोबाइलवरचा ग्रुप ‘खांब क्रमांक अमुकचा दिवा बंद’ अशा कामाच्या निरोपांसाठी छान. तिथे ‘एक संशयित माणूस फिरतोय’ असे निरोप सुरू झाले की आधी अफवा पसरते आणि मग कोणा निरपराध्यावर हात उचलला जातो. पहिल्याच दिवशी नियम घाला: माणसाच्या दिसण्याबद्दल काही लिहायचं नाही, काय घडलं तेवढंच लिहायचं, आणि खरोखर धोका असेल तर ग्रुपवर न लिहिता पोलिसांना फोन करायचा.

पायरी 9 : काम झाल्यावर

बांधकाम पूर्ण झालं की लोक पांगतात आणि इथेच बरीच कामं मागे पडतात. रंग उडतो, रबरी खांब मोडतात, रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की दहा सेंटिमीटरचा उंचवटा पाच सेंटिमीटरचा होतो. डांबरीकरण ठरल्याचं कळलं की लगेच पत्र द्या, म्हणजे पट्टे आणि उंचवटे नव्या थरावर पुन्हा त्याच मापात करून घेता येतात. काम उरकल्यावर मागितलं तर पुढच्या मंजुरीपर्यंत थांबावं लागतं.

सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा शंभर गाड्या मोजा, पुन्हा दोन-दोन तास उभे राहून प्रसंग लिहा. आकडा 47 वरून 33 वर आला असेल तर ते एका ओळीत प्रशासनाला कळवा आणि आभारही माना. त्या अभियंत्याला पुढच्या रस्त्यासाठी वरिष्ठांसमोर हाच आकडा दाखवायचा असतो. आकडा हललाच नसेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. मग बहुधा उंचवट्यांमधलं अंतर जास्त झालेलं असतं किंवा रस्ता अजूनही जास्त रुंद असतो, आणि पुढची मागणी त्या दिशेने करायची. शेजारच्या समांतर रस्त्यावरही एकदा मोजून या. तुमच्याकडच्या गाड्या तिकडे गेल्या असतील, तर तिथल्या लोकांना तुमच्याकडच्या कोऱ्या तक्त्यांची आणि मोजपट्टीची गरज लागणार आहे.

सगळ्या नोंदी, पत्रांच्या पोच आणि नकाशे यांच्या दोन प्रती करा आणि त्या दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा.